मागच्या बाटलीत काय निघालं? सातारा-सांगलीत संशोधनासाठी येणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात अभ्यासासाठी येणारे सर्व शाखांचे संशोधक आणि त्यांचे मार्गदर्शक यांना

सप्रेम नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात तुमच्यातली एक मुलगी आमच्या गावी आली होती. पाठीवर सॅक, हातात बर्फाचा डबा, डब्यात पाण्याच्या बाटल्या. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. परगावचं कुणी वही घेऊन आलं की लोक त्याला माझं घर दाखवतात, तशी तीही माझ्याकडे आली. मी तिला गल्लीतल्या विहिरीवर घेऊन गेलो. ती पोहरा सोडत होती, तेवढ्यात कट्ट्यावर बसलेल्या काकू म्हणाल्या, "बाई, मागच्या बाटलीत काय निघालं गं?"

"मी पहिल्यांदाच आलेय, काकू."

"तू नव्हंस गं. पर बाटल्या अशाच हुत्या की."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर देता आलं नाही. मागच्या वेळी बाटल्या घेऊन आलेल्या मुलालाही मीच त्या विहिरीवर नेलं होतं. "चांगला मुलगा आहे, आपल्याच भल्यासाठी करतोय, भरू द्या पाणी," असं काकूंना मीच सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी मी जुन्या डायऱ्या काढल्या. नोकरीत असल्यापासून रोज चार ओळी लिहायची मला सवय आहे. २००८ मध्ये मातीचे नमुने घेणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. २०११ च्या श्रावणात ओव्या गोळा करणारी मराठीची संशोधक. २०१३ मध्ये नदीतल्या माशांचा अभ्यास करणारे दोघे. २०१४ मध्ये पाण्याच्या बाटल्या. २०१९ च्या महापुरानंतर आरोग्याची प्रश्नावली घेऊन आलेला गट, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुराची जुनी पातळी शोधणारा अभियंता. सगळे नम्र होते, कष्टाळू होते. उन्हातान्हात बांधावरून हिंडले, आमच्या घरी जेवले, आई होती तोवर तिच्या पाया पडून गेले. अभ्यास संपल्यावर परत मात्र एकही आला नाही. या पत्रात कुणाचं किंवा कुठल्या संस्थेचं नाव मी घेत नाही. माझं गाऱ्हाणं एका माणसाविषयी नाही, पडलेल्या पद्धतीविषयी आहे.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण तिथं सगळ्यात जास्त भीती वाटली.

माझी नात कॉलेजात आहे. काकूंचा प्रश्न तिला सांगितला, तर तिनं शोधगंगा नावाच्या संकेतस्थळावर शोध घेतला. विद्यापीठांना मान्य झालेले प्रबंध तिथं ठेवावे लागतात. दोन दिवसांनी तिला तो प्रबंध सापडला. आमच्या गावाचं नाव त्यात नव्हतं, नुसता सांकेतिक क्रमांक होता. पण नकाशावरच्या नदीच्या वळणावरून मी गाव ओळखलं. तक्त्यात विहिरीसमोर नायट्रेटचा आकडा होता. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आमचा आकडा तिच्या बराच वर होता. शेवटच्या प्रकरणातल्या शिफारशींत एक वाक्य होतं: हे पाणी लहान बाळांना देऊ नये.

ते वाक्य इंग्रजीत होतं, दोनशेच्या वर पानांच्या शेवटी. विहीर आमच्या गल्लीत आणि वाक्य तिथं. मधे सहा वर्षं गेली होती.

नळाला पाणी येत नाही तेव्हा उन्हाळ्यात आमची गल्ली त्याच विहिरीचं पाणी पिते. त्या सहा वर्षांत आमच्या शेजारी एक नात जन्माला आली. आईला दूध कमी, म्हणून बाळाला पावडरचं दूध सुरू केलं होतं. घर स्वच्छतेचं फार, म्हणून पाणी चांगलं खळाखळा उकळून घ्यायचे. नायट्रेट उकळल्यानं जात नाही. पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट भांड्यातच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. बाळ निळं पडू शकतं. या पाण्याला रंग नाही, वास नाही, चव बदलत नाही. उसाला टाकलेला युरिया, विहिरीजवळचे शोषखड्डे, उकिरडे, यातून नायट्रेट झिरपत येतं. जी आजी काळजीपोटी दहा मिनिटं जास्त उकळत होती, तिच्या हातून आपल्या नातीचं नुकसान होऊ शकलं असतं. ती मुलगी आज शाळेत जाते, खणखणीत आहे. पण त्यात आमची काही हुशारी नव्हती आणि त्या प्रबंधाचाही काही उपयोग झाला नव्हता.

"या विहिरीचं पाणी बाळाला देऊ नका, उकळूनही देऊ नका." एवढंच वाक्य मराठीत लिहून विहिरीच्या कठड्यावर लावलं असतं तर? मी नातीकडून कळल्यावर दुसऱ्याच दिवशी पाटी रंगवून घेतली. रंगाला दीडशे रुपये लागले.

तुमच्यातले काही जण म्हणतात, आकडे गावाला समजत नाहीत, उगाच घबराट होते. पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात कुठल्याही पारावर येऊन बसा. "आयर्विनला किती?" हा प्रश्न ऐकू येईल. १९२९ मध्ये बांधलेल्या सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेच्या पाण्याची पातळी फुटांत सांगतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीलाही पाठ आहे. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, धरणात किती टीएमसी झालं, हे शब्द आमच्या बायका भाकरी थापता थापता बोलतात. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तो आकडा ऐकून लोकांनी काय करायचं ते ठरवलं. कुणी जनावरं सोडली, कुणी माळ्यावर धान्य चढवलं. आकडा कशाचा आहे आणि तो वाढला तर आपण काय करायचं, एवढं सांगितलं की लोक तो पिढ्यान्पिढ्या सांभाळतात. नायट्रेटच्या ४५ ला अजून कुणी आमच्या पारावर आणलंच नाही.

आता मातीविषयी. आमचं दोन एकर मळीचं रान. वडिलांच्या तरुणपणी त्यात ऊस डोक्याच्या वर हातभर जायचा. पुढं पाणी अमाप झालं, पाटाचं आणि उपशाचं, आणि निचरा होईना. कडेकडेनं मीठ फुटायला लागलं. उन्हाळ्यात रान चुन्यासारखं पांढरं दिसायचं. २००८ मध्ये आलेल्या त्या विद्यार्थ्यानं आमच्या रानातून थराथरानं माती काढून नेली. महिनाभरानं उरलेले नमुने घ्यायला तो पुन्हा आला, तेव्हा बांधावर उभं राहून मला म्हणाला, "सर, तुमची जमीन सलाइन आहे, सोडिक नाही." मी ते डायरीत लिहून ठेवलं. वडिलांना सांगितलं, "मीठ आहे म्हणतोय." तेवढं त्यांना आधीच दिसत होतं. कुणी तरी सांगितलं म्हणून त्यांनी तीन वर्षं जिप्सम आणून टाकलं. उसनवारी करून टाकलं. फरक पडला नाही. त्या रानाकडे बघत बघतच ते गेले.

पुढं एका शेतकरी मेळाव्यात कृषी अधिकाऱ्यांनी समजावून सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सलाइन म्हणजे खारवट आणि सोडिक म्हणजे चोपण. दोन्ही शब्द आमचेच! खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. मातीची विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर जाते, पण सामू, म्हणजे पीएच, साडेआठच्या आत असतो. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना धरून बसतो, सामू साडेआठच्या वर चढतो, माती ओली असताना चिकट आणि वाळली की दगड होते. जिप्समचं काम चोपण जमिनीत. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. खारवट जमिनीला आधी निचरा हवा. जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून क्षाराचं पाणी ओढ्याला काढून द्यायचं आणि वरून चांगलं पाणी देऊन मीठ खाली धुऊन न्यायचं. त्या पोरानं बांधावर "खारवट आहे, चोपण नाही" असं म्हटलं असतं, तर माझ्या वडिलांना दुसऱ्या कुणी काही समजावून द्यावं लागलं नसतं. शेतकऱ्याच्या पोटातलं ज्ञान आणि त्या मुलाच्या यंत्रातलं ज्ञान एकच होतं. दोघांच्या मधे फक्त एका शब्दाची भिंत होती, आणि ती मीही ओलांडू शकलो नाही. मी मास्तर होतो, मला विचारायला हवं होतं. ही खंत माझ्याबरोबर जाईल.

मराठीत शास्त्र लिहिता येत नाही, असं कृपा करून कृष्णाकाठी येऊन म्हणू नका. ही नदी महाबळेश्वरहून उतरली की पहिलं मोठं गाव लागतं ते वाई. तिथं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं. १९७६ मध्ये पहिला खंड आला. भूविज्ञानापासून वैद्यकापर्यंत एकेका शब्दासाठी तिथं माणसांनी दिवसच्या दिवस खर्च केले. माझ्या नोकरीची सुरुवात पाटण तालुक्यात झाली. तिथं मुलं विचारायची, "गुरुजी, आपल्याच इथं सारखी जमीन का हलते?" त्या प्रश्नाला विश्वकोशानंच मला हात दिला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा ६.३ रिश्टरचा धक्का मला आठवतो. मी सात वर्षांचा होतो, आईनं आम्हाला झोपेतून उचलून अंगणात आणलं होतं. कोयना परिसरात त्या पहाटे दीडशेच्या वर माणसं गेली. मुलांना मी दोन फरश्या एकमेकींवर दाबून धरायला सांगायचो. मग फटीत पाणी सोडायचो आणि एक फरशी ढकलायला सांगायचो. घसरायची. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाचं पाणी खोलवरच्या खडकाच्या भेगांत मुरतं, तिथला दाब वाढतो, आधीच ताणलेला खडक धरून राहत नाही. चौथीतल्या मुलांना हे कळत होतं. कोयनेचा भूकंप जगभरच्या अभियंत्यांनी अभ्यासला, आता कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा आहे, कोयनेच्या खोऱ्यात सुमारे ३ किलोमीटर खोल विंधण घेतलं. ज्यांच्या घराच्या भिंती अजून हलतात त्या वाड्या-वस्त्यांवर जाऊन कुणी तरी वर्षातून एकदा मराठीत सांगावं की खाली काय सापडतंय. फार मोठी मागणी नाही ही.

आणि ज्ञान घरी येतं तेव्हा काय होतं, हेही आमच्या सांगली जिल्ह्यानं पाहिलंय. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून हळदीचा 'फुले स्वरूपा' वाण आला, तर शेतकरी त्याचं नाव घरच्या माणसासारखं घेतो. तासगावच्या द्राक्षबागांत 'तास-ए-गणेश' हा वाण एका शेतकऱ्याच्या नजरेनं निवडला, मग शास्त्रज्ञांनी तो तपासला. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं, हे तिथल्या हमालांना कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. तुम्ही आम्हाला नुसते नमुने देणारे समजू नका.

माशांच्या अभ्यासाला आलेल्या दोघांना मी आमच्या भोईवाड्यात नेलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या भोयानं दिवसभर होडीत बसवून फिरवलं, तीसेक माशांची नावं सांगितली, कुठला मासा कुठल्या डोहात अंडी घालायचा, कुठला बंधारे झाल्यावर दिसेनासा झाला, सगळं सांगितलं. त्यांचा छापलेला लेख नातीनं काढून दिला. त्यात लॅटिन नावं आहेत, एकही मराठी नाव नाही. म्हाताऱ्याचं नाव आभारातसुद्धा नाही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांची वर्णनं छापली तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावं शास्त्रीय नावांतच घातली. टोर खुद्री, कोलुस ही नावं आज जगभर चालतात. कासच्या पठारावरचा वायतुरा शास्त्रात 'सातारेन्सिस' म्हणून ओळखला जातो. इंग्रज अधिकाऱ्यानं ऐकलेली नावं आपल्याच मुलांनी गाळावीत, याचं मला फार वाईट वाटतं. गावोगावी जैवविविधता समित्या आहेत, लोकांच्या माहितीची नोंदवही ठेवायची तरतूद २००२ च्या कायद्यामुळं झाली आहे. तुमच्या यादीची एक प्रत त्या वहीला जोडायला पाच मिनिटं लागतात.

पुरानंतरच्या आरोग्य पाहणीविषयी थोडकंच. संमतिपत्रावर लिहिलं होतं, "सदर अभ्यासातील सहभागास मी स्वेच्छेने संमती देत असून तद्विषयक संभाव्य जोखमींची मला जाणीव करून देण्यात आली आहे." काकूंनी अंगठा दिला. संमती माणसाला समजेल अशा भाषेत घ्यावी, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. ते वाक्य मराठीत होतं, पण काकूंच्या मराठीत नव्हतं. तपासलेल्या रक्तात काय दिसलं ते आजतागायत त्यांना माहीत नाही.

मार्गदर्शकांना माझी हात जोडून विनंती आहे. तोंडी परीक्षेची तारीख ठरवण्याआधी तुमच्या विद्यार्थ्याला एकदा परत पाठवा. एक पान मराठीत, मोठ्या अक्षरात. काय मोजलं, काय निघालं, आम्ही काय करावं, कुणाला विचारावं. ते पान ग्रामसभेत वाचू द्या. लोक प्रश्न विचारतील, काही चिडतील, काही शाबासकी देतील. प्रसाराच्या गुणांसाठी दुसरीकडे कुठं तरी भाषण देण्यापेक्षा हे मोजा. निघालेलं काहीच नसेल तर "काही वाईट निघालं नाही" हेही सांगा. काकू त्या रात्री निवांत झोपतील. आणि विद्यार्थ्याला पाठवण्याआधी, त्या गावात आधी कोण येऊन गेलं ते बघायला लावा. आमच्या एकाच आळीत माती, पाणी, मासे, ओव्या, पूर असे पाच-सहा अभ्यास झाले आणि कुणाला कुणाचा पत्ता नाही. याची किंमत काय असते, ते शेवटी सांगतो.

२०२० मध्ये आलेला अभियंता जुन्या पुरांच्या खुणा शोधत होता. नोंदी सुरू होण्याआधी पाणी कुठवर आलं होतं हे कळलं, तर पुढच्या पुराचा अंदाज जास्त भरवशाचा होतो, असं त्यानं मला समजावलं. तलाठ्याच्या दप्तरात काही नव्हतं. मला एकदम आठवलं, आईच्या जात्यावरच्या एका ओवीत होतं. तिच्या सासूनं रचलेली ओवी. कृष्णामाई घाटावरच्या नंदीच्या शिंगाला लागली असं काही तरी, आणि पुढच्या ओळीत घरातल्या कुणाच्या तरी लग्नाचा उल्लेख, ज्यावरून साल काढता आलं असतं. नंदी अजून तिथंच आहे. त्याच्या शिंगापर्यंतची उंची त्या अभियंत्यानं टेप लावून मोजलीसुद्धा. पण कुठल्या सालचा पूर? दुसरी ओळ मला येत नव्हती, आई २०१६ मध्ये गेली. ती ओवी पूर्ण अशी एकाच ठिकाणी आहे. २०११ च्या श्रावणात आमच्या घरी तीन दिवस राहिलेल्या मराठीच्या संशोधक मुलीच्या रेकॉर्डरमध्ये. मी तिनं दिलेला क्रमांक लावून पाहिला, तो आता दुसऱ्याच कुणाचा आहे. तिच्या प्रबंधात आईच्या अकरा ओव्या आहेत, बंधुप्रेम आणि माहेर या प्रकरणांत. पुराची ओवी कुठल्या प्रकरणात बसली नसावी.

बाई, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर एवढं करा. ते रेकॉर्डिंग जपलेलं असेल तर त्याची एक प्रत मला द्या. त्या अभियंत्याचा पत्ता माझ्याकडे आहे, त्याला ती ओवी मी स्वतः लिहून पाठवीन. आणि मला आईचा आवाज ऐकायचा आहे. आमच्याकडे तिचे फोटो आहेत, आवाज कुठंच नाही. तुम्ही यायच्या आधी कळवायची गरज नाही. चावडीपाशी कुणालाही गुरुजींचं घर विचारा. जातं पडवीत होतं तिथंच आहे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
कृष्णाकाठ, तालुका वाळवा, जिल्हा सांगली